अणुभट्टीच्या सावलीत सातवीच्या विज्ञानाची उजळणी

ट्रॉम्बेच्या डोंगराच्या एका अंगाला भाभा अणुसंशोधन केंद्राचे घुमट आहेत आणि दुसऱ्या अंगाला चीता कॅम्प, महाराष्ट्र नगर, मानखुर्द, गोवंडीच्या वस्त्या. आशियातली पहिली अणुभट्टी ‘अप्सरा’ याच डोंगराच्या पायथ्याशी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. त्यानंतर अवघ्या ७१ दिवसांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी नागपूरला लाखो अनुयायांना धम्म दिला. एका घटनेने देश अणुयुगात गेला, दुसऱ्या घटनेने गावकुसाबाहेरचा माणूस विवेकाच्या युगात आला. या दोन्ही घटनांचे वारस आज शेजारीशेजारी राहतात. पण एक वारस कुंपणाच्या आत आहे आणि दुसरा कुंपणाच्या बाहेर. कुंपणाबाहेरच्या त्या सातवी-आठवीतल्या पोराला समुद्राचे पाणी जड का, दिवा पेटतो म्हणजे नेमके काय होते, ग्रहण कशाने लागते हे धडपणे सांगता येत नाही. ही लाज त्या पोराची नाही. व्यवस्थेची आहे आणि थोडी आपल्या चळवळीचीही आहे.

आपल्या वस्त्यांत दरवर्षी एकच गोष्ट घडते. सहावीपर्यंत उड्या मारत शाळेत जाणारे मूल नववीत गेले की गणित-विज्ञानाच्या तासाला मान खाली घालते. दहावीला कसेबसे पस्तीस मिळतात, मग शेजारपाजारचे सांगतात, ‘सायन्स आपल्याला झेपणार नाही, आर्ट्स घेऊन टाक.’ कला शाखा कमी प्रतीची आहे असे कोणी म्हणत नाही. तिने आपल्याला लेखक दिले, वकील दिले, प्राध्यापक दिले. पण निवड वेगळी आणि नाइलाज वेगळा. ज्याला विज्ञानाचे दारच बंद झाले तो कला शाखेत निवडीने जात नाही, ढकलला जातो. आणि हे दार नववीत बंद होत नाही. ते सहावी, सातवी आणि आठवीत हळूहळू लोटले जाते. नववीत फक्त कडी लागल्याचा आवाज येतो.

कायद्याच्या नजरेने पाहिले तर ही बाब आणखी गंभीर आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ आले आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. हा हक्क आठवीपर्यंतचा आहे. नववीपासून पुढे सरकारवर ही सक्ती नाही. याचा अर्थ सरळ आहे. विज्ञानाचा पाया आठवीच्या आत पक्का झाला नाही, तर त्यानंतर तो मागायला कायद्याने तुमच्या हातात फारसे काही ठेवलेले नाही. सावकाराची मुदत संपावी तशी ही मुदत संपते, फक्त इथे ऋणको सरकार आहे आणि मुदत संपल्यावर सुटतेही सरकारच!

याच कायद्याचे कलम २४ शिक्षकावर जबाबदारी टाकते, की त्याने प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासावी आणि गरज असेल तिथे जादा शिकवणी द्यावी. कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणिताचा शिक्षक असला पाहिजे असे स्पष्ट लिहिले आहे. शाळेत शैक्षणिक साहित्य हवे, ग्रंथालय हवे, हेही लिहिले आहे. पण शाळांनी या कायद्यातून एकच वाक्य उचलले, आठवीपर्यंत नापास करायचे नाही. जादा शिकवण्याचे वाक्य कोणी उचलले नाही. परिणाम असा झाला, की मूल वर्गामागून वर्ग चढत गेले आणि संकल्पना खालच्या पायरीवरच राहिल्या. मग २०१९ मध्ये केंद्राने कायदा बदलला. पाचवी आणि आठवीला परीक्षा घ्या, नापास झाल्यास पुन्हा संधी द्या, तरी जमले नाही तर राज्यांना हवे असल्यास त्याच वर्गात बसवा, अशी तरतूद झाली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून ती स्वीकारली. म्हणजे शिकवले नाही शाळेने आणि शिक्षा भोगायची मुलाने. न्यायशास्त्रात याला काय म्हणतात ते कायद्याच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल.

इथे कोणी म्हणेल, की आमच्या मुलांना विज्ञान कळतच नाही, ती बुद्धीच नसते. हे वाक्य शब्द बदलून दोन हजार वर्षे बोलले जात आहे. पूर्वी म्हणत, वेद ऐकण्याचा अधिकार नाही. आता म्हणतात, मेरिट नाही. या मेरिटच्या भाकडकथेला ज्या संस्थेने पुराव्यानिशी उत्तर दिले, ती आपल्या उंबरठ्यावरच उभी आहे आणि आपल्यातल्या फार थोड्यांना ते माहीत आहे.

होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ही टाटा मूलभूत संशोधन संस्थेची शाखा १९७४ मध्ये सुरू झाली. सुरुवात झाली ती नाना चौकातल्या महापालिका शाळेच्या खोल्यांतून. आज तिचा परिसर मानखुर्दला, अणुशक्तीनगरला लागून आहे. या केंद्रातील व्ही. जी. कुलकर्णी आणि व्ही. जी. गंभीर या संशोधकांनी एक साधा प्रश्न विचारला. मुलाला विज्ञान कळत नाही, की विज्ञान ज्या भाषेत सांगितले जाते ती भाषा कळत नाही? त्यांनी विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातला आशय तोच ठेवला आणि भाषा सोपी केली. सोप्या भाषेतून शिकलेली मुले पुढे गेली. विषय तोच, इयत्ता तीच, वस्ती तीच. बदलली ती फक्त भाषा. हे निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसरा प्रयोग तर थेट आपल्या मुलांवरचा आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी या केंद्राने मुंबई महापालिकेच्या शाळांतली अनुसूचित जातींची मुले घेतली आणि शालान्त परीक्षेपर्यंत त्यांना शाळेच्या वेळेबाहेर मार्गदर्शन केले. मार्गदर्शन म्हणजे गाईडमधली उत्तरे पाठ करून घेणे नव्हे. भाषा सुधारणे, मागच्या इयत्तांतल्या कच्च्या राहिलेल्या संकल्पना पुन्हा घेणे, हाताने प्रयोग करू देणे, प्रश्न विचारायला लावणे असे ते स्वरूप होते. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी १९८५ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. या मुलांची आधीची प्रगतिपुस्तके पाहून जो निकाल अपेक्षित होता, त्यापेक्षा कितीतरी चांगला निकाल त्यांनी लावून दाखवला. आठवड्यातल्या काही तासांनी हे घडले. रक्त बदलले नाही, जात बदलली नाही, खोलीचे क्षेत्रफळ वाढले नाही. फक्त कोणीतरी मागे राहिलेले पुन्हा समजावून सांगितले. आरक्षणाविरुद्ध मेरिटचा झेंडा फडकवणाऱ्यांनी हा अहवाल वाचलेला नसतो. पण आपण तरी तो कुठे वाचला आहे?

याच केंद्रात आज देशभरातल्या विज्ञान ऑलिंपियाडचे काम चालते. २०१५ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाड झाले, तेव्हा त्याचे आयोजन याच केंद्राकडे होते आणि जगभरची मुले आली. त्याचा अभिमान जरूर असावा. पण मुंबई मानव विकास अहवाल २००९ मध्ये शहराच्या २४ वॉर्डांपैकी ज्या वॉर्डाचा मानव विकास निर्देशांक सर्वांत खाली, ०.०५ इतका होता, तो एम-पूर्व वॉर्डही हाच. ऑलिंपियाड आणि डम्पिंग ग्राउंड एकाच वॉर्डात नांदतात. १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, अणुसंशोधन केंद्राच्या लगतची जनता कॉलनी उठवून हजारो कुटुंबांना खाडीकाठच्या चीता कॅम्पात आणून टाकले गेले, हे ट्रॉम्बेतले जुने लोक विसरलेले नाहीत. विज्ञानासाठी ज्यांनी घरे सोडली, त्यांच्या नातवंडांना किमान सातवीचे विज्ञान तरी नीट मिळाले पाहिजे, ही मागणी काही फार मोठी नाही.

भाषेचा मुद्दा थोडा अधिक पाहू. आपल्या घरात ‘वजन’ हा शब्द किलोत असतो. वाणी वजन करतो, दवाखान्यात बाळाचे वजन करतात. पुस्तक मात्र सांगते, की किलोत मोजायचे ते वस्तुमान आणि वजन हे बल आहे, ते न्यूटनमध्ये मोजायचे. गुरुजी हा फरक फळ्यावर लिहून पुढे जातात. मुलाच्या मनात वाणी आणि पुस्तक यांची मारामारी सुरू होते आणि त्यात नेहमी मुलाचा पराभव होतो. खरे तर एका वाक्यात हे सुटते. तुझ्यात असलेले द्रव्य चंद्रावर गेलास तरी तेवढेच राहील, ते वस्तुमान. पण चंद्र तुला पृथ्वीपेक्षा सहापट कमी जोराने ओढेल, तो ओढ म्हणजे वजन. हे एक वाक्य बोलायला वेळ लागत नाही. पण ते बोलणारा माणूस वस्तीत लागतो.

दुसरा शब्द घ्या, ‘कार्य’. सातवीचे पुस्तक सांगते, की बल लावून वस्तू बलाच्या दिशेने सरकली तरच कार्य झाले. मग नाक्यावरून कामाला गेलेली आपली माय डोक्यावर विटांची पाटी घेऊन तासभर उभी राहिली, तर पुस्तकाच्या लेखी तिने पाटीवर काहीच कार्य केले नाही! मुलाला हे ऐकून राग येतो आणि तो राग बरोबर आहे. त्याच रागातून विज्ञान शिकवता येते. पाटी जमिनीवरून डोक्यावर उचलली तेव्हा तिने पाटीवर कार्य केले. जिना चढली तेव्हा केले. उभी राहिली तेव्हा पाटी हलली नाही, म्हणून पाटीवरचे कार्य शून्य. पण तिचे स्नायू आतल्या आत ताणत होते, भाकरीतून आलेली ऊर्जा जळत होती, म्हणून ती दमली. पुस्तकातले कार्य आणि घामाचे काम यांचा हिशेब असा वेगळा मांडता आला, की मुलाला भौतिकशास्त्रही कळते आणि मजुरीचे अर्थशास्त्रही. सेमी-इंग्रजीच्या वर्गात तर हा गोंधळ दुप्पट आहे. तिथे ‘वर्क’ही कळत नाही आणि ‘कार्य’ही कळत नाही. इंग्रजी शिकलेच पाहिजे, बाबासाहेबांचा तोच आग्रह होता. पण इंग्रजी शब्द पाठ होणे आणि संकल्पना कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता विचारू, की ही उजळणी चळवळीचा विषय का व्हावा? शाळेचे काम शाळेने करावे, आपण मोर्चे काढावेत. तर त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे.

ग्रहण घ्या. चंद्र सूर्य आणि पृथ्वीच्या मधे आला की सूर्यग्रहण, पृथ्वी मधे आली की तिची सावली चंद्रावर पडून चंद्रग्रहण. टॉर्च, चेंडू आणि लिंबू एवढ्या साहित्यात ते दाखवता येते. पण या दोन ओळी ज्या समाजाला शेकडो वर्षे सांगितल्या गेल्या नाहीत, त्या समाजाची भूमिका ग्रहणात ठरलेली होती. राहू-केतूशी नाते जोडून आपल्या पूर्वजांना ग्रहण सुटावे म्हणून रस्त्यावर दान मागत फिरावे लागे. आकाशातल्या सावलीचा भार जमिनीवरच्या माणसाच्या माथी मारला गेला. सहावी-सातवीचा प्रकाश आणि सावलीचा धडा ज्याला कळला, त्याला कोणी पुन्हा ग्रहणाचे दान मागायला लावू शकत नाही आणि घरातल्या गरोदर सुनेला अंधाऱ्या खोलीत बसवू शकत नाही.

पाणी घ्या. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपण प्यायलो आणि सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळे ‘शुद्ध’ केले. आता सातवीच्या मुलाला विचारा, की पाण्यात शेण कालवल्यावर पाणी शुद्ध झाले की अशुद्ध? मिश्रण, द्रावण, निलंबन, गाळणे, उकळणे, जंतू हा सगळा धडा या एका प्रश्नात शिकवता येतो. पाण्याची शुद्धता पिणाऱ्याच्या जातीवर ठरत नाही, त्यात काय मिसळले आहे आणि किती मिसळले आहे यावर ठरते. हीच गोष्ट न्यायालयात लढवायला दहा वर्षे लागली. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्याच्या खटल्यात आपल्या बाजूने निकाल दिला, कारण अनादिकालापासून वहिवाट आहे हा दावा दुसरी बाजू पुराव्याने सिद्ध करू शकली नाही. वहिवाट म्हणजे पुरावा नव्हे, हे न्यायालय सांगते आणि प्रयोगशाळाही तेच सांगते. तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. स्वतः पडताळून पाहा. म्हणून विज्ञानाच्या तासाला बसलेले मूल धम्माच्याच वाटेवर असते.

रक्त घ्या. कार्ल लँडस्टायनरने विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी रक्तगट शोधले. ए, बी, एबी आणि ओ हे गट प्रत्येक जातीत, प्रत्येक धर्मात सापडतात. ब्राह्मणाला महाराचे रक्त चालते, गट जुळला की झाले. आणि गट जुळला नाही तर सख्ख्या भावाचेही चालत नाही. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मूळ जातीअंतर्गत विवाहाच्या बंधनात दाखवले होते. २०१३ मध्ये हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राचे आणि अमेरिकेतल्या हार्वर्डचे शास्त्रज्ञ जनुकांच्या अभ्यासातून ज्या निष्कर्षाला आले तो असा, की भारतातल्या लोकसमूहांत हजारो वर्षे सरसकट सरमिसळ होत होती आणि ती सुमारे १,९०० वर्षांपूर्वी थांबून जातीअंतर्गत विवाहाची पद्धत रूढ झाली. म्हणजे जात निसर्गाने केली नाही, माणसांनी लग्नाच्या नियमांनी केली. पंचवीस वर्षांच्या तरुण भीमरावाने शास्त्रीय पद्धतीने मांडलेला विचार जनुकांनी जवळजवळ शंभर वर्षांनी उचलून धरला. हे आपल्या मुलांना कळायचे असेल, तर पेशी म्हणजे काय, गुणसूत्र म्हणजे काय, हे आधी कळावे लागेल. केंद्राच्या एनसीईआरटीने २०२३ मध्ये दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा देशातल्या अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी निषेधाचे पत्र काढले. २०१८ मध्ये आलेल्या बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा आहे. तो तसाच राहील याची राखण कोण करणार? ज्यांना त्याचा अर्थ कळतो तेच करतील.

आणि चमत्कार घ्या. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध प्यायला. चमचा ओल्या मूर्तीला टेकला की पृष्ठताणामुळे दूध ओढले जाते आणि पातळ थराने मूर्तीवरून खाली ओघळते. रंग मिसळलेले दूध वापरून शास्त्रज्ञांनी हा ओघळ दाखवून दिला. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या खाडीचे पाणी ‘गोड’ झाले म्हणून हजारो माणसे बाटल्या घेऊन धावली. दर्ग्याचे भक्त होते, मंदिराचे होते आणि आपलेही होते. झाले होते एवढेच, की पावसाचे आणि मिठी नदीचे गोडे पाणी खाडीत आले. गोड्या पाण्याची घनता खाऱ्या पाण्यापेक्षा कमी असते, म्हणून ते वरच्या थरात राहिले. गोडे म्हणजे स्वच्छ नव्हे. त्या पाण्यात शहराची घाण होती आणि ते पिऊ नका म्हणून महापालिकेला लोकांना विनवावे लागले. घनतेचा एक धडा कळला असता तर त्या रात्री कोणी आपल्या लेकराच्या तोंडात मिठी नदी ओतली नसती. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. कायदा भोंदूला पकडतो, पण भोंदूकडे जाणारे पाऊल कायदा अडवू शकत नाही. ते पाऊल अडवण्याचे काम सातवीचे पुस्तक करते.

ट्रॉम्बेच्या माणसाला विज्ञान लागते ते आणखी एका कारणाने. आपण ज्या हवेत श्वास घेतो तिच्याबद्दलचे दावे न्यायालयात चालतात. माहुलच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला आणि २०२० मध्ये तेल कंपन्यांना भरपाईचे आदेश झाले. गोवंडीत वैद्यकीय कचरा जाळणाऱ्या प्रकल्पाविरुद्ध रहिवासी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०२३ मध्ये तो प्रकल्प हलवण्याबाबत न्यायालयाने निर्देश दिले. अशा प्रकरणांत कागदपत्रे सगळी आकड्यांची असतात. कोणता वायू, हवेच्या किती भागांत किती, कोणत्या तापमानाला जाळले तर काय शिल्लक राहते. ज्वलन अपुरे झाले की काजळी आणि विषारी वायू निघतात, हे आठवीच्या आतले विज्ञान आहे. पण ज्याची फुप्फुसे हाच पुरावा आहे, त्याला स्वतःचा पुरावा वाचता येत नाही. मग तो दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. कधी तो दुसरा प्रामाणिक असतो, कधी नसतो. हक्काची लढाई उसन्या डोळ्यांनी फार काळ लढता येत नाही.

तेव्हा करायचे काय? महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळेत शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान द्यावे अशी मागणी होती. ते सरकारकडे मागत होते आणि त्याच वेळी स्वतः शाळाही चालवून मोकळे झाले होते. आपल्यालाही दोन्ही हातांनी काम करावे लागेल.

पहिला हात विहाराचा. आपल्या विहारांत आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. आया-बहिणी येतात, त्यांच्याबरोबर मुलेही येतात आणि बरीचशी मागे बसून कंटाळतात. या तीन महिन्यांत बारा-तेरा रविवार मिळतात. त्यातले दहा रविवार, दर रविवारी एक तास, सहावी ते आठवीच्या विज्ञानाची उजळणी ठेवावी. विषय दहा पुरेत: वस्तुमान, वजन आणि घनता, पाणी आणि मिश्रणे, हवा आणि ज्वलन, बल, दाब आणि कार्य, उष्णता आणि तापमान, प्रकाश, सावली आणि ग्रहण, विजेचे मंडल, जंतू, रोग आणि लस, अन्न, पचन आणि रक्त, पेशी आणि आनुवंशिकता. साहित्य घरचेच आहे. काचेचा ग्लास, मीठ आणि अंडे घेतले तर घनता दिसते. अंडे साध्या पाण्यात बुडते, भरपूर मीठ घातले की वर येते. मिठाच्या पाण्यावर रंगीत गोडे पाणी चमच्याने अलगद सोडले, की ते वर तरंगते आणि माहीमचा चमत्कार ग्लासात उतरतो. पेटत्या मेणबत्तीवर ग्लास उपडा ठेवला की ज्वलनाला हवा लागते हे सांगावे लागत नाही. एक सेल, एक छोटा बल्ब आणि हातभर वायर यांत विजेचे मंडल पूर्ण होते.

शिकवणार कोण? आपल्या वस्तीत बी.एस्सी. करणारी मुलेमुली आहेत, आयटीआय झालेले वायरमन आहेत, नर्सिंगच्या मुली आहेत, माझगाव डॉक आणि भाभा केंद्रातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ आहेत. वायरमन विजेचे मंडल जेवढे चांगले शिकवेल तेवढे पुस्तक शिकवणार नाही. नर्स मुलगी जंतू आणि लस शिकवील. ‘पे बॅक टू सोसायटी’ म्हणून आपण जे म्हणतो ते नुसत्या वर्गणीच्या पावतीने होत नाही, असा तास देऊन होते. जयंतीच्या मिरवणुकीत एका रात्रीच्या डीजेवर जे पैसे उडतात, त्यात एका विहाराचे वर्षभराचे प्रयोगसाहित्य येते. हा हिशेब प्रत्येक मंडळाने एकदा कागदावर मांडावा.

दुसरा हात कायद्याचा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असले पाहिजेत, निम्म्या महिला असल्या पाहिजेत आणि दुर्बल व वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत. आपल्या किती माउल्या या समित्यांवर आहेत? ज्या आहेत त्यांनी पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारावेत. सहावी ते आठवीला विज्ञान-गणिताचा शिक्षक आहे का? या वर्षी मुलांनी स्वतःच्या हाताने किती प्रयोग केले? मागे पडलेल्या मुलांसाठी कलम २४ प्रमाणे जादा तास कधी आणि किती घेतले? उत्तर तोंडी मिळाले तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. मिळाले नाही तर माहिती अधिकार कायदा २००५ आहेच. दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर हेच प्रश्न लेखी विचारता येतात. राज्यघटनेचे कलम ४६ अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हिताची विशेष काळजी घ्यायला राज्याला सांगते. ती विशेष काळजी सातवीच्या वर्गात कुठे दिसते, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. आणि मानखुर्दच्या विज्ञान शिक्षण केंद्राकडे आपल्या संघटनांनी शिष्टमंडळ न्यावे. चाळीस वर्षांपूर्वी महापालिका शाळांतल्या आपल्या मुलांसाठी जे केले, ते पुन्हा आपल्या वॉर्डात करा, आमचे विहार आणि आमचे कार्यकर्ते तुमच्यासोबत आहेत, असे सांगावे.

काही मित्र म्हणतील, की आधी रोजगार, घरे, अत्याचार हे प्रश्न सोडवा, विज्ञान नंतर. पण अत्याचाराच्या खटल्यात वैद्यकीय अहवाल वाचावा लागतो, घरांच्या प्रश्नात प्रदूषणाचा अहवाल वाचावा लागतो, रोजगारात तर पहिली चाळणीच गणित-विज्ञानाची लागते. काही म्हणतील, खासगी क्लास आहेत, इंग्रजी शाळा आहेत. ज्यांना परवडतात त्यांनी जरूर जावे. पण क्लासवाला नववीपासून पुढचे विकतो. सातवीचे मागे राहिलेले कोणी विकत नाही, कारण त्यात नफा नाही. जिथे बाजाराला नफा नाही आणि सरकारला इच्छा नाही, तिथे चळवळीला उतरावे लागते. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम खेड्यातल्या सहावी ते आठवीच्या मुलांना तीस वर्षे हाताने प्रयोग करायला शिकवत होता. २००२ मध्ये सरकारने तो एका निर्णयाने बंद केला. सरकारच्या आधाराने उभे राहिलेले सरकार मोडू शकते. विहाराच्या आधाराने उभे राहिलेले मोडायला सरकारला विहारात यावे लागेल.

शेवटी एका तारखेकडे लक्ष वेधतो. ३ जानेवारी १८३१ हा सावित्रीबाईंचा जन्मदिवस. ३ जानेवारी १९५४ रोजी ट्रॉम्बेची अणुसंशोधन संस्था स्थापन झाली. आणि वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि चौकस बुद्धी वाढवणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगणारे कलम ५१-अ, ४२ व्या घटनादुरुस्तीने ३ जानेवारी १९७७ पासून अमलात आले. येत्या ३ जानेवारीला ट्रॉम्बे, मानखुर्द, गोवंडीतल्या प्रत्येक विहारात सावित्रीमाईच्या प्रतिमेला हार घातल्यावर एक टेबल मांडावे. वर्षावासात शिकलेल्या मुलांनी त्यावर आपापला एकेक प्रयोग मांडावा आणि मोठ्यांनी त्यांना प्रश्न विचारावेत. उत्तर चुकले तर रागावू नये, पुन्हा करून बघ म्हणावे. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा पहिला आदेश. त्या आदेशाची सुरुवात करायला अणुभट्टी लागत नाही. एक ग्लास पाणी, चिमूटभर मीठ आणि पोराशेजारी बसणारा एक माणूस एवढे पुरते.

जय भीम!